गाडी आपली, हिशेब दुसऱ्याचा

गळीत हंगाम भरात आला की बारामती–इंदापूर रस्त्यावरची वर्दळ रात्रीही तुटत नाही. भवानीनगर, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे या पट्ट्यात उसाने भरलेले ट्रक, डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या एकामागून एक चाललेल्या दिसतात. भवानीनगरचा छत्रपती, बारामती तालुक्यातले माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यातले कर्मयोगी, नीरा-भीमा आणि बारामती ॲग्रो, असे सहा कारखाने या दोन तालुक्यांतच आहेत. उसाच्या दरावर दरवर्षी रान पेटते. तोडणी मजुरांच्या हालांवरही आता लिहिले-बोलले जाते. मात्र फडापासून गव्हाणीपर्यंत ऊस पोचवणाऱ्या वाहनमालकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हंगाम बिघडला तर घरदार गहाण पडण्याची पाळी बऱ्याचदा त्याच्यावरच येते.

हा वाहनमालक म्हणजे कोणी मोठा ट्रान्सपोर्टर नव्हे. चार-सहा एकर शेती, बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज काढून घेतलेला एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आणि स्टिअरिंगवर तो स्वतः, त्याचा भाऊ किंवा मुलगा. कागदोपत्री तो स्वतंत्र व्यावसायिक आहे. पण कुठल्या फडात जायचे, कधी भरायचे, किती वेळ थांबायचे, काय दराने न्यायचे आणि पैसे कधी मिळायचे, यातली एकही गोष्ट त्याच्या हातात नसते. वाहनाची मालकी त्याची, जोखीमही त्याची. निर्णय मात्र दुसऱ्याचे.

ही विभागणी नेहमीच अशी नव्हती. याच पट्ट्यातल्या वालचंदनगरचा इतिहास पाहिला तर फरक ठळक दिसतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर कळंबच्या माळरानात वालचंद हिराचंद यांनी ऊसमळे उभे केले आणि 1930च्या दशकात साखर कारखाना काढला. जमीन कंपनीच्या ताब्यातली, ऊस कंपनीचा, कारखानाही कंपनीचा. त्या काळच्या खासगी साखर कंपन्यांच्या इस्टेटींवर ऊस वाहण्याची व्यवस्था कंपनीच बघत असे. ऊस वाटेत अडला तर तोटा कंपनीचा व्हायचा. वालचंद यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारींबरोबर ट्रकही बाहेर काढले. वाहतूक हा उद्योगाचाच एक भाग आहे, हे त्यांनी नीट ओळखले होते.

पुढे चित्र पालटले. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि तो नमुना राज्यभर पसरला. 1961 च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्याने खासगी कंपन्यांचे मोठे मळे सरकारकडे गेले आणि ते कसायला शेती महामंडळ उभे राहिले. ऊस आता हजारो लहान शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या रानांतून येऊ लागला. रान शेतकऱ्याचे होतेच, सहकारात कारखान्याचा मालकही तोच झाला. हा बदल फार मोलाचा होता. मात्र हजारो रानांतला ऊस उचलायला लागणारी वाहने कारखान्यांनी स्वतः बाळगली नाहीत. ते काम गावोगावच्या वाहनमालकांशी दर हंगामाला करार करून भागवले जाऊ लागले. भांडवल, देखभाल आणि ड्रायव्हर यांचा भार अशा रीतीने कारखान्याच्या ताळेबंदातून उठला आणि वाहनमालकाच्या खात्यावर बसला.

या कराराचे पूर्ण नाव ‘ऊस तोडणी व वाहतूक करार’. त्यातला ‘तोडणी’ हा भाग वाहनमालकाला सगळ्यात महागात पडतो. ऊस वाहायचा तर तो आधी तोडणारी टोळी हवी, आणि बहुतेक ठिकाणी ती आणण्याची जबाबदारी करारानेच वाहनमालकावर टाकलेली असते. टोळी येते बीड, अहिल्यानगर, जालना अशा भागांतून, मुकादमामार्फत. मुकादमाला हंगामाच्या कितीतरी आधी उचल द्यावी लागते. ही रक्कम कारखाना आगाऊ देतो किंवा बँकेकडून कर्जरूपाने मिळवून देतो. कर्ज मात्र वाहनमालकाच्या नावावर निघते. तारण म्हणून सह्या केलेले कोरे चेक, सातबारा, शिवाय एकमेकांचे जामीन. पैसा कारखान्याकडून वाहनमालकाकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून मजुरांकडे जातो. परतफेडीचे पक्के कागद मात्र वाहनमालकापाशी येऊन थांबतात. त्याच्या खालचा मुकादमाचा करार बहुधा एखाद्या स्टॅम्प पेपरवर असतो आणि मजुराशी तर कागदच नसतो.

हिशेब मांडून पाहिला की गोष्ट स्पष्ट होते. समजा, एका वाहनमालकाने दहा कोयत्यांची टोळी ठरवली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कोयत्यामागे एक लाख उचल धरली तर दहा लाख रुपये आधीच गेले. एका कोयत्याची दिवसाची तोडणी दोन टन धरली तर रोज वीस टन ऊस होतो, म्हणजे डबल ट्रॉलीची एक भरगच्च खेप. आता दहापैकी चार कोयते आलेच नाहीत, किंवा आठ दिवस राहून रातोरात निघून गेले. चार लाख रुपये तर बुडालेच. वर रोजची तोडणी वीसवरून बारा टनांवर आली. गाडी अर्धवट भरून न्यावी तर डिझेल तेवढेच जळते. पूर्ण भरेपर्यंत थांबावे तर खेप दोन दिवसांनी होते. 120 दिवसांच्या हंगामात 2,400 टनांऐवजी 1,440 टनच वाहून होतात. उत्पन्न चाळीस टक्क्यांनी घटते. ट्रॅक्टरचा हप्ता, विमा आणि उचलीवरचे व्याज यांत एक रुपयाही घट होत नाही.

असा एक हंगाम बसला की पुढचा करार करण्यावाचून पर्याय राहत नाही, कारण मागची बाकी त्याच कारखान्याच्या बिलातून फेडायची असते. दुसरीकडे जाण्याची वाट बाकीनेच अडवलेली असते. मुकादमावर फसवणुकीची तक्रार द्यायला गेले तर ‘हा दिवाणी व्यवहार आहे’ हे उत्तर अनेकांना ऐकावे लागते. काही जण स्वतःच वसुलीला निघतात, मजुरांच्या गावी जाऊन धाकदपटशा करतात, कोणाला बळजबरीने गाडीत घालून आणतात. हा सरळ गुन्हा आहे. उचलीच्या बदल्यात माणसाला अडकवून कामाला लावणे 1976 च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन कायद्याने बंद केलेले आहे. वाहनमालकावरचा अन्याय अशा वेळी त्याच्याहून दुबळ्याच्या अंगावर जातो. उचलीची सगळी जोखीम एकाच्या गळ्यात बांधली की साखळीच्या तळाशी असलेल्याचे हाल ठरलेले असतात.

दुसरा प्रश्न भाड्याचा. ऊस वाहतुकीचा दर टनावर आणि अंतराच्या टप्प्यावर ठरतो. वरवर पाहता यात वावगे काही नाही. पण वाहतुकीचे काम केवळ टन आणि किलोमीटर यांतच मोजले की त्यातला मोठा हिस्सा बिलाबाहेर राहतो. एक खेप घ्या. कारखान्याच्या चिटबॉयने सांगितलेल्या फडात पहाटे गाडी लागते. टोळी मोळ्या बांधून भरायला घेते, त्यात दुपार जाते. रान ओले असेल तर भरलेली ट्रॉली बाहेर काढायला दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो. त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावर बांधावरच वाद होतो. संध्याकाळी गाडी कारखान्याच्या तळावर पोचते आणि नंबर घेते. कारखाना नीट चालला असेल तर काही तासांत काटा होतो. मध्येच मिल बंद पडली किंवा तळावर गाड्यांची गर्दी झाली, तर रात्र तिथेच. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो आणि पुढची गाडी हलली की उठून आपली चार हात पुढे घेतो. तोडलेला ऊस वाळत जातो, वजन घटते आणि भाडे वजनावर असल्याने वाहनमालकाचेही घटते. खोळंबा कारखान्याचा, किंमत गाडीवाल्याची. मोकळी गाडी परत फडात नेण्याचे वेगळे भाडे नसतेच.

टनावर भाडे असल्याने एक धोकाही जन्माला येतो. खेपा कमी होणार हे दिसले की प्रत्येक खेपेत जास्त ऊस भरण्याचा मोह होतो. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. पकडले तर पावती वाहनाच्या नावे फाटते. टायर, एक्सल आणि हुक यांची झीजही वाहनमालकाच्याच माथी. ट्रॉली उलटून कोणाचा जीव गेला तर मालकाचे नाव पोलिसांच्या कागदावर येते. जादा भरलेला ऊस मात्र काट्यावर मोजून घेतला जातो.

तिसरा प्रश्न कपातींचा. पंधरवड्याचे बिल हातात येते तेव्हा वरच्या ओळीतली रक्कम पाहून बरे वाटते आणि शेवटची ओळ पाहून अवसान गळते. उचलीचा हप्ता, त्यावरचे व्याज, कारखान्याच्या पंपावरून घेतलेले डिझेल, अनामत, विमा, मागील हंगामाची येणे बाकी. या कपाती मुळात गैर असतातच असे नाही. अडचण वेगळीच आहे. व्याज कोणत्या रकमेवर, कोणत्या तारखेपासून लागले, अनामत किती जमली आणि ती कधी परत मिळणार, हे एका कागदावर सहसा सापडत नाही. हंगाम संपल्यावर अंतिम हिशेब होतो, तोवर वाहनमालकाला आपण नफ्यात आहोत की तोट्यात हेच कळत नाही.

दर पुरत नाही म्हटल्यावर तूट दुसरीकडून भरून काढली जाते. फडात आलेला ड्रायव्हर शेतकऱ्याकडे खेपेमागे ‘एंट्री’ मागतो, टोळी ‘खुशाली’ मागते. शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च आधीच कापला जात असतो, कारण केंद्र सरकारचा रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) हा कारखान्याच्या दारातला दर आहे. म्हणजे त्याला एकाच कामाचे दोनदा पैसे मोजावे लागतात. साखर आयुक्तालय दरवर्षी अशा मागण्यांविरुद्ध बजावते. पण नुसते बजावून हा प्रकार थांबणार नाही. वाहतुकीचा दर खर्चाशी जुळत नाही तोवर ती तूट कोणाच्या तरी खिशातून निघतच राहणार.

या व्यवसायातल्या इतर घटकांना कायद्याने काय दिले आहे, हे शेजारी ठेवून पाहावे. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज द्यायचे, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तोडणी मजुरांच्या मजुरीचा करार राज्य पातळीवर साखर संघ आणि संघटना यांच्यात होतो. जानेवारी 2024 मध्ये त्यात 34 टक्के वाढ ठरली आणि मुकादमाचे कमिशनही एक टक्क्याने वाढले. मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. ही सगळी संरक्षणे लढून मिळवलेली आहेत आणि ती अजूनही अपुरी पडतात. वाहनमालकाला मात्र त्याचे म्हणून असे एकही कलम नाही. त्याचे नशीब त्याने सही केलेल्या छापील करारात असते आणि तो करार दुसऱ्या बाजूने लिहिलेला असतो.

जगात हा प्रश्न आधी कुठे सुटला का, हे शोधताना अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. तिथे लाखो ट्रकचालक स्वतःच्या ट्रकचे मालक आहेत. ट्रक त्यांचा असतो, पण त्यांतल्या अनेकांना तो मोठ्या वाहतूक कंपनीला भाडेकराराने लावून तिच्या परवान्यावर माल वाहावा लागतो. तिथेही कपाती, अडकलेली अनामत आणि लपवलेले भाडे यांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा 1979 मध्ये तिथल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने भाडेकरारात खरेपणा आणणारे नियम लागू केले. मोबदला कसा ठरणार ते करारात ठळक लिहायचे. कागदपत्रे दिल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे. भाड्याचा टक्का ठरला असेल तर मूळ बिलाची प्रत दाखवायची. कोणती कपात होणार आणि तिचा आकडा कसा काढणार, ते आधी सांगायचे. अनामतीवर व्याज द्यायचे, तिचा हिशेब मागितला की द्यायचा आणि करार संपल्यावर 45 दिवसांत ती परत करायची. डिझेल, टायर किंवा विमा कंपनीकडूनच घ्या, अशी सक्ती करायची नाही.

नियम होऊनही तिथे पळवाटा निघाल्या. काही कंपन्या ड्रायव्हरला स्वतःच ट्रक भाड्याने देतात, हप्ते त्याच्याच कमाईतून कापतात आणि त्याला मालक म्हणवतात. न्यू प्राइम या कंपनीविरुद्ध डॉमिनिक ऑलिव्हेरा नावाच्या चालकाने दावा लावला. करारातल्या लवादाच्या कलमाकडे बोट दाखवून त्याला कोर्टाबाहेर ठेवू पाहणाऱ्या कंपनीच्या विरोधात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये एकमताने निकाल दिला: वाहतूक कामगार कागदावर स्वतंत्र कंत्राटदार असला तरी लवादाच्या कायद्याच्या आधारे त्याला न्यायालयाचा दरवाजा बंद करता येणार नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने 2005 मध्ये आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने 2007 मध्ये स्वतःचे वाहन चालवणाऱ्यांसाठी वेगळे कायदे केले. या सगळ्यांमागचा विचार एकच आहे. ज्याच्या हाती काम देण्या-न देण्याची सत्ता आहे, त्याने हिशेब उघडा ठेवला पाहिजे.

आपल्याकडे असा खास कायदा नसला तरी काही हत्यारे हाताशी आहेत आणि ती फार कमी जण वापरतात. वाहतूक ही सेवा असल्याने वाहनमालक ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. नोंदणी मात्र काम सुरू होण्याआधी हवी. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असलेल्या मालकाने पॅनसह लेखी घोषणापत्र दिले तर वाहतुकीच्या भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. वजनाची शंका असेल तर ऊस आधी खासगी काट्यावर तोलून आणता येतो आणि त्या कारणावरून कारखान्याने तो नाकारू नये, असे साखर आयुक्तालयानेच सांगितले आहे.

सही करताना कोणत्या गोष्टींचा धोका आहे, हेही माहीत हवे. ‘कोरा चेक तर दिला आहे, त्यावर रक्कम कुठे आहे’, असा अनेकांचा समज असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात स्पष्ट केले की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेकही देण्यापोटीच दिला असे कायदा गृहीत धरतो. तसे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सही करणाऱ्याची. मित्राला जामीन राहणे ही गावाकडे नात्याची गोष्ट मानली जाते. 1872 चा करार कायदा मात्र जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरतो. एकाची टोळी पळाली की साखळीतल्या सगळ्यांच्या घरी नोटिसा येतात त्या यामुळे. आणि हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यांनी माणसे पाठवून रस्त्यात गाडी जबरदस्तीने ओढून नेणे बेकायदा आहे. वसुलीसाठी गुंड वापरण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच कडक ताशेरे मारले आहेत.

ऊस तोडणी यंत्रे आली की हा प्रश्न मिटेल, असे काहींना वाटते. यंत्राने टोळीची उचल खरोखरच टळते. पण यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते, ते घेणाराही कर्जदार मालकच असतो आणि त्याचे काम, दर आणि बिल हे सगळे त्याच कारखान्याकडून ठरते. करार बदलला नाही तर दहा लाखांच्या उचलीच्या जागी कोटीचे कर्ज येईल, इतकाच फरक.

म्हणून सुधारणा करारातच व्हायला हवी, आणि ती फार अवघड नाही. टोळीच्या उचलीची जोखीम कारखाना, वाहनमालक आणि मुकादम यांच्यात वाटून घ्यावी. मुकादमांची आणि मजुरांची एकच नोंद सगळ्या कारखान्यांनी मिळून ठेवावी, म्हणजे एकाच टोळीची उचल तिघांकडून घेणे बंद होईल. तळावर ठरावीक तासांहून जास्त थांबावे लागले तर खोळंब्याचा आकार मिळावा. डिझेलचा दर ठरावीक टप्प्याबाहेर गेला की भाडे आपोआप बदलावे. प्रत्येक पंधरवड्याच्या बिलासोबत उचल, व्याज आणि अनामत यांची शिल्लक छापून द्यावी. कोरे चेक घेणे बंद करावे.

सहकारी कारखान्यांत ही मागणी मांडायला वेगळे व्यासपीठ शोधावे लागत नाही. कितीतरी वाहनमालक ऊस उत्पादक सभासदांच्याच घरातले आहेत आणि कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत होते, म्हणजे हंगामाची मोळी टाकण्याच्या आधीच. उसाच्या दरावर त्या सभेत तासन् तास बोलले जाते. यंदा तोडणी-वाहतूक कराराचा मसुदा सभेपुढे ठेवा, असा लेखी अर्ज सभासदांनी वेळेत द्यावा. आणि वाहनमालकांनी तो करार सही करण्याआधी घरी नेऊन पूर्ण वाचावा, त्याची प्रत मागून घ्यावी, आणि एकेकट्याने नव्हे तर गटाने बसून बोलणी करावीत.